वादळाचा अंदाज आणि पंचनाम्याचा आकडा

हैदराबादच्या काचीगुड्याहून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. मनमाडच्या गाडीने आलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच स्थिरावलेल्या मराठी घरांना समुद्र म्हणजे सुट्टीत जाऊन पाहायची गोष्ट. तरीही या परिसराचे सर्वांत मोठे नुकसान बंगालच्या उपसागरावरून आलेल्या वादळी पावसानेच केले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुरात सुमारे १५,००० माणसे गेली, असे सामान्यतः मानले जाते. अफझलगंज आणि चादरघाटचे पूल निकामी झाले, पुराना पूल तेवढा टिकला. जुने हैदराबादकर त्या पुराला ‘तुग्यानी’ म्हणत. त्यानंतर एकशे बारा वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे, उपसागरातला कमी दाबाचा तीव्र पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आला. त्या दिवसात बेगमपेठेत सुमारे १९ सेंटिमीटर आणि घटकेसर भागात ३२ सेंटिमीटरपर्यंत पाऊस झाला. मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला.

या दोन तारखांच्या मधल्या काळात वादळाचा माग काढण्याचे शास्त्र ओळखू न येण्याइतके बदलले. पण लोकांना हवे असते ते पुढच्या प्रश्नाचे उत्तर. वादळ कुठे आणि कधी धडकेल हे सांगता आले, तरी ते किती छपरे उडवेल, किती खांब पाडेल, किती घरांत पाणी शिरवेल, हे आधी सांगता येते का? या प्रश्नावरची चर्चा आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : इशाऱ्याचा दीडशे वर्षांचा प्रवास

१८६४ च्या ऑक्टोबरात कोलकाता आणि नोव्हेंबरात मछलीपट्टण वादळाने उद्ध्वस्त झाले. एकट्या मछलीपट्टणात सुमारे ३०,००० माणसे मेल्याची नोंद आहे. या आपत्तींनंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. सुरुवातीचा इशारा जहाजांसाठी होता. किनाऱ्यावरच्या घरांचे काय होईल, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या कक्षेत नव्हता.

तो प्रश्न जमिनीच्या बाजूने विचारणाऱ्यांत अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. मुसीच्या पुरानंतर निजाम सरकारने त्यांना १९०९ मध्ये बोलावले. त्यांनी पावसाचे आकडे तपासलेच, पण खोऱ्यातले तलावही मोजले. ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते. म्हणजे शहरावर आलेले पाणी केवळ आभाळातले नव्हते, फुटलेल्या बांधांनी त्यात भर घातली होती. त्यांच्या शिफारशींतून पुढे मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे उभी राहिली. नुकसान वाटेतल्या व्यवस्थेवर ठरते, हे सूत्र तेव्हाच कागदावर आले होते.

पुढचा मोठा धक्का १९ नोव्हेंबर १९७७ चा. कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमेत समुद्र सुमारे पाच मीटर चढला आणि सुमारे १०,००० माणसे गेली. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर महाचक्रीवादळ धडकले, तेव्हाही मृतांचा सरकारी आकडा दहा हजारांच्या जवळ होता. यानंतर निवारे बांधले गेले, टप्प्याटप्प्याने इशारे देण्याची पद्धत पक्की झाली. २०१९ च्या मे महिन्यात ‘फनी’ पुरीजवळ धडकण्याआधी ओडिशाने सुमारे १२ लाख लोक हलवले. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. पण त्याच वादळात विजेचे जाळे कोलमडले आणि घरांची, बागांची हानी हजारो कोटींत गेली. माणसे वाचवण्यात आलेले यश आणि मालमत्तेच्या हानीचा वाढता आकडा, ही आजच्या चर्चेची सुरुवात आहे.

अंदाजाची साखळी

नुकसानीचा अंदाज तीन कड्यांनी बनतो. पहिली कडी वादळाचा मारा : वारा किती, पाऊस किती, समुद्र किती चढेल. दुसरी, त्या माऱ्याच्या वाटेत काय काय आहे : घरे, झाडे, खांब, रुग्णालये, होड्या. तिसरी, वाटेतली प्रत्येक गोष्ट किती तग धरते. एकच वारा मंगलोरी कौलांचे छप्पर उडवतो आणि शेजारच्या स्लॅबच्या घराची फक्त काच फोडतो.

पहिल्या कडीत सर्वाधिक प्रगती झाली आहे. हवामान विभागाच्या अलीकडच्या वर्षांतल्या अंदाजांत वादळाच्या मार्गाची सरासरी चूक एक दिवस आधी सुमारे ७५ ते ८० किलोमीटर, तर तीन दिवस आधी दीडशे किलोमीटरांच्या आसपास असते. दोन दशकांपूर्वी ती बरीच जास्त होती. यातच हैदराबादचे एक खास स्थान आहे. शहराच्या प्रगतीनगर भागात, समुद्रापासून इतक्या दूर, १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, आहे. हवामान विभागाने वादळाचा मार्ग आणि वेग दिला की वादळी उधाणाचे, म्हणजे वारा ढकलत आणतो त्या पाण्याच्या फुगवट्याचे, गणित इथे मांडले जाते. किनाऱ्याचा कोणता पट्टा किती पाण्याखाली जाईल, याचा अंदाज त्यातून निघतो. बालानगरचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र वादळानंतर उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याखालच्या भूभागाचे नकाशे देते. आधीचा अंदाज आणि नंतरचा नकाशा, दोन्ही एकाच शहरात तयार होतात.

तरी ७५ किलोमीटर हे अंतर शहराच्या दृष्टीने फार मोठे आहे. वारा, पाऊस आणि उधाण यांचे वागणेही एकसारखे नसते. दिवीसीमेपुढचा समुद्र उथळ, त्यामुळे पाणी चढत गेले. विशाखापट्टणमपुढचा समुद्र लवकर खोल होतो, म्हणून २०१४ च्या ‘हुदहुद’मध्ये तिथले उधाण दीड मीटरच्या आत राहिले आणि शहर मोडले ते वाऱ्याने. हैदराबादपर्यंत तर वारा आणि उधाण पोचतच नाहीत, पोचतो तो पाऊस. वादळाला एकच श्रेणी देऊन नुकसान सांगता येत नाही, हे त्यामुळेच. अमेरिकेतल्या प्रसिद्ध सॅफिर-सिम्पसन श्रेणीतून २०१० मध्ये उधाणाची उंची वगळण्यात आली, कारण वाऱ्याच्या श्रेणीवरून पाण्याचा अंदाज बांधणे लोकांची दिशाभूल करत होते.

पहिली भूमिका : घर न घर मोजा

या भूमिकेचे लोक मुख्यतः अभियंते आणि विमाक्षेत्रातले. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक प्रकारच्या बांधकामासाठी वाऱ्याचा वेग किंवा पाण्याची खोली आणि हानी यांचे नाते ठरवा. मग वादळाचे शेकडो संभाव्य मार्ग संगणकावर चालवा आणि प्रत्येक मार्गात काय मोडते ते मोजा. उत्तर एका आकड्याऐवजी शक्यतांच्या पट्ट्यात मिळेल.

या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळामुळे. फ्लोरिडावर ते धडकले, तेव्हा कॅरेन क्लार्क यांच्या संस्थेने काही तासांत १३ अब्ज डॉलरहून अधिक विमाहानी होईल, असे कळवले. विमाकंपन्यांचा विश्वास बसला नाही. अंतिम आकडा १५ अब्जांच्या वर गेला आणि अनेक कंपन्या बुडाल्या. अमेरिकी सरकारची ‘हॅझस’ प्रणाली याच विचाराची. भारतात राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाखाली किनारी जिल्ह्यांसाठी संगणकीय जोखीम-नकाशा तयार झाला. मुंबईसाठी जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पुराचा इशारा देणारी प्रणाली सुरू झाली. तिच्यात पाऊस, भरती, नाले आणि वस्त्यांचा एकत्र विचार होतो.

मर्यादाही याच लोकांनी मांडल्या आहेत. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ‘कॅटरिना’ने बुडवले ते पूरबांध फुटल्यामुळे. बांध फुटेल का आणि कुठे, हे घराघराच्या गणितात नव्हते. हैदराबादचा अनुभव तोच. ऑक्टोबर २०२० मध्ये बालापूरच्या गुर्रम चेरुवू या तलावाचा बांध फुटला आणि खालच्या वसाहतींत पाणी घुसले. १९०८ चे तलाव आणि २०२० चा चेरुवू यांतले साम्य अंगावर येते.

दुसरी भूमिका : इतिहासाचे आकडे बोलू द्या

अर्थशास्त्रज्ञांचा एक गट घराघरात शिरत नाही. मागच्या वादळांचा वेग आणि झालेली हानी यांवरून तो सूत्र काढतो. हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांच्या सूत्रात ठरावीक वेगाखाली, म्हणजे ताशी सुमारे ९० किलोमीटरच्या आत, हानी जवळजवळ शून्य धरली जाते. पुढे ती जादा वेगाच्या घनाने वाढते. विल्यम नॉर्डहाउस यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या नोंदींवरून दाखवले, की हानी वेगाच्या जवळपास नवव्या घाताने वाढते. साध्या घनाचा नियम धरला तर वेग दहा टक्के वाढल्यावर हानी तिसऱ्या हिश्शाने वाढते. नवव्या घाताने ती दुपटीहून अधिक होते. वेगाच्या अंदाजातली छोटी चूक रुपयांच्या आकड्यात केवढी फुगते, हे यावरून कळावे.

याच गटात आणखी एक मतभेद आहे. रॉजर पील्क आणि क्रिस्टोफर लँडसी यांनी १९९८ मध्ये जुन्या हानीचे आकडे महागाई, लोकसंख्या आणि संपत्ती यांनुसार आजच्या पातळीवर आणले. त्यांचा निष्कर्ष असा, की हानी वाढली ती मुख्यतः किनाऱ्यावर माणसे आणि इमारती वाढल्याने. अस्लाक ग्रिन्स्टेड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वेगळी मोजपट्टी वापरली. त्यांना अतिविध्वंसक वादळांच्या हानीत खरी वाढ दिसली. वाद संपलेला नाही, पण किनाऱ्यावरची वाढती बांधकामे हे हानीचे मोठे कारण आहे, याबद्दल दोन्ही बाजू सहमत आहेत.

आपल्याकडची अडचण मुळात इतिहासाचीच. १८८२ साली मुंबईत वादळाने एक लाख माणसे मेल्याचे अनेक याद्यांत छापले जाते. अलीकडच्या संशोधकांना त्या घटनेचा समकालीन पुरावा सापडला नाही. १९४८ च्या नोव्हेंबरातले मुंबईचे वादळ खरे, पण तेव्हाची मुंबई आणि आजची मुंबई ही दोन वेगळी शहरे आहेत. ज्या शहराला पिढ्यान्‌पिढ्या थेट तडाखा बसलेला नाही, तिथे इतिहासातून सूत्र काढायचे तरी कशावरून?

तिसरी भूमिका : रुपये सांगू नका, काय करायचे ते सांगा

इशारा देणाऱ्या संस्थांचा कल गेल्या काही वर्षांत परिणामावर आधारलेल्या अंदाजाकडे आहे. वारा ताशी १२० किलोमीटर वाहील एवढे सांगून हवामान विभाग आता थांबत नाही. कच्च्या घरांची छपरे उडतील, विजेचे खांब वाकतील, केळी-नारळाच्या बागा झोपतील, रस्ते बंद होतील, असे शब्दांत सांगतो आणि त्याला पिवळा, नारिंगी, लाल रंग जोडतो. जिल्हाधिकाऱ्याला तासाभरात निर्णय घ्यायचा असतो. कोटींचा आकडा त्याच्या कामाचा नसतो, कोणता रस्ता आधी बंद पडेल हे कामाचे असते, असा यामागचा विचार आहे.

या भूमिकेचे टीकाकार दोन गोष्टी विचारतात. असे इशारे जिल्ह्याच्या पातळीवर दिले जातात, वस्तीच्या पातळीवर ते किती खरे ठरतात? आणि इशारा खरा ठरला की नाही, हे तपासायचे कशाने? वाऱ्याचा वेग यंत्राने मोजता येतो. ‘छपरे उडतील’ हे वाक्य तपासायला छपरे मोजावी लागतात.

चौथी भूमिका : नुकसान कोणाचे, हे आधी ठरवा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. आदल्या दिवशी सगळ्यांचे लक्ष मुंबईकडे होते. आपल्याकडे वादळ ज्या दिशेने जाते त्याच्या उजव्या बाजूला वारा आणि उधाण अधिक असते. ईशान्येकडे निघालेले वादळ मुंबईच्या दक्षिणेला शिरले, म्हणून मुंबई डाव्या बाजूला राहिली आणि बचावली. तडाखा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्याला बसला. सुपारी आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या.

रुपयांच्या हिशेबात मुंबई वाचल्याने अंदाजित हानी खूप कमी झाली. पण वाडी गमावलेल्या कुटुंबाला सुपारीचे नवे रोप धरायला लागण्यापर्यंत सात-आठ वर्षे काढायची होती. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी ५० हजारांपर्यंत वाढवली. कोकणातून उत्तर आले, की इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात आणि एका वाडीत नारळ, सुपारी, जायफळ, मिरी एकत्र असतात, तेव्हा हेक्टरचा हिशेब लागू कसा करायचा? पुढे झाडामागे मदतीचा निकष आला. समाजशास्त्राच्या अभ्यासकांचे म्हणणे यातून स्पष्ट होते. हानीचा अंदाज रुपयांत मांडला, की ज्याच्याकडे महाग वस्तू आहे त्याचे नुकसान मोठे दिसते आणि ज्याच्याकडे एकच आधार होता त्याचे लहान. त्यांना अंदाजात रुपयांबरोबर हेही हवे आहे, की पूर्वपदावर यायला कोणाला किती काळ लागेल.

या भूमिकेवरचा आक्षेपही रास्त आहे. सर्वच प्रकारचे नुकसान मोजायचे ठरवले, तर वेळेत उपयोगी पडेल असा अंदाज उरत नाही.

कोणत्या गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत

पहिली गोष्ट, वादळाची तीव्रता. मार्गाचा अंदाज जितका सुधारला तितका तीव्रतेचा सुधारलेला नाही. किनाऱ्याजवळ येताना एका दिवसात झपाट्याने बळावणारे वादळ आजही चकवते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या नव्या प्रारूपांनी मार्ग सांगण्यात चमक दाखवली आहे, पण तीव्रतेत ती अजून कमी पडतात.

दुसरी, बदलते हवामान. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईपासून काही अंतरावरून गेले, तरी कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले. जुन्या नोंदींवर उभी सूत्रे नव्या समुद्राला किती लागू पडतील, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

तिसरी, बदलते शहर. हुदहुदनंतर आंध्र प्रदेश सरकारने प्राथमिक अंदाजात २१,९०८ कोटी रुपयांची हानी सांगितली. त्यात विजेच्या जाळ्याचा वाटा मोठा होता. पुढे विशाखापट्टणममध्ये तारा जमिनीखाली नेण्याचे काम हाती घेतले गेले. तेच वादळ पुन्हा आले तर हुदहुदवरून काढलेले नाते चुकेल, आणि त्या चुकण्यात शहराचे यश असेल. उलट, एखादा नाला बुजला तर गणित दुसऱ्या दिशेने चुकेल. नकाशा किती वर्षांनी नवा करायचा, याचे ठरलेले उत्तर नाही.

चौथी, खुद्द पंचनामा. हानीचा कोणताही अंदाज शेवटी ज्याच्याशी ताडून पाहायचा, तो आपल्याकडचा सर्वांत सविस्तर दस्तऐवज म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी केलेला पंचनामा. पण तो भरपाईसाठी असतो. त्यात पडलेल्या छपराची नोंद होते, त्याच गल्लीत उभ्या राहिलेल्या छपराची होत नाही. किती वाऱ्याला दहापैकी किती छपरे जातात, हे सांगायला गेलेली आणि राहिलेली, दोन्ही मोजावी लागतात. प्रारूपे परदेशी लाकडी घरांवरून काढलेले नाते इथे वापरतात किंवा अनुभवी अभियंत्यांच्या अदमासावर चालतात, याचे एक मोठे कारण ही अर्धी नोंद आहे.

पाचवी गोष्ट आकड्यांत मावत नाही. १९०८ च्या पुरात उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेल्या, ते एकटे वाचले. नुकसानीचे कोणतेही प्रारूप ही रिकामी जागा भरत नाही, आणि भरेल असा दावाही कोणी करत नाही. पण वादळाच्या आधी शहर रिकामे करायचे की नाही, हे ठरवताना रुपयांच्या तक्त्याशेजारी तिची आठवण राहावी.

आज हाती काय आहे

चारही भूमिका शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींना छेद देण्याऐवजी वेगवेगळ्या वेळी कामी येतात असे दिसते. वादळ तीन दिवसांवर असताना परिणामाची भाषा उपयोगी. विम्याला आणि अर्थसंकल्पाला घराघराचे गणित उपयोगी. दीर्घकालीन धोरणाला इतिहास, आणि मदत वाटताना चौथी भूमिका. चौघींनाही अडवणारी गोष्ट एकच आहे : वादळाबद्दल आपल्याला जितके कळते, तितके वादळाच्या वाटेतल्या जमिनीबद्दल कळत नाही.

माझ्या मते, पुढचा पल्ला मोठ्या संगणकाइतकाच तलाठ्याच्या वहीतून जाणार आहे. पडलेल्या घरामागे उभ्या राहिलेल्या घराचीही एक ओळ त्यात लिहिली गेली, छप्पर कौलाचे होते की पत्र्याचे एवढे जरी नोंदले गेले, तरी दहा वर्षांत आपल्या घरांचे आपले नाते हाती येईल. विश्वेश्वरय्यांनी फुटलेले २२१ तलाव मोजताना एकूण ७८८ हा आकडाही लिहून ठेवला होता. म्हणूनच त्या पुराचे गणित आज, काचीगुड्यात बसून, आपल्याला पुन्हा मांडता येते.